सात नंबरचं कुलूप

सोमवार, ४ मार्च
आज पुन्हा कुलूप कापावं लागलं! चार नंबरचं.

तारांवर चढण्याआधी प्रत्येकानं मोठ्या स्विचच्या दांड्याला आपलं लाल कुलूप लावायचं, चावी आपल्याच खिशात. एक जरी कुलूप लटकत असलं तरी वीज सोडता येत नाही. 'जिवाचं कुलूप' म्हणतात सगळे. चार नंबरवाला ते तसंच ठेवून, चावी घेऊन घरी गेला. साहेब माझ्यावर भडकले. "कुलपं सांभाळायला ठेवलंय ना तुम्हाला? मग सांभाळा!"

या वयात हे काम गेलं तर दुसरं कोण देणार?

बुधवार, ६ मार्च
संध्याकाळी कुलपं चाव्यांसकट माझ्याकडे जमा होतात. काल बाराही चाव्या पिशवीत घालून नेल्या. डुप्लिकेट करून घेतल्या. कुणाला बोललो नाही. तंबाखूच्या जुन्या डबीत ठेवल्यात.

भिंतीवर पाटी आहे— एक कुलूप, एकच चावी. वाचता येतं मला, चौथीपर्यंत गेलोय. पण पाटी लिहिणाऱ्याला साहेबांच्या शिव्या खाव्या लागत नाहीत.

शनिवार, ९ मार्च
आज आमच्या जावयानंच दिवे लावले! सात नंबर त्याचा. कुलूप ठेवून गेला घरी. साहेब कटर मागवत होते, मी हळूच डबी काढली. साहेब हसले. "आजोबा, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!" पाठीवर थाप. बरं वाटलं. नंतर नाही वाटलं.

मंगळवार, १२ मार्च
जावई पुन्हा विसरला. सकाळी झापला त्याला. "मामा, घरी तुमची लेक हेच ऐकवते, इथे तुम्ही. मी जाऊ कुठे?" सगळे हसले. मीही हसलो जरा. वाईट नाही तो. डोकं तेवढं खुंटीला टांगून येतो.

गुरुवार, १४ मार्च
साहेब आता मागतही नाहीत. नुसता हात पुढे करतात.

आज नऊ नंबर उघडलं. नऊ नंबरवाला संडासात होता! आला तेव्हा साहेबांचा हात स्विचवर. "अहो, मी अजून आहे!" म्हणाला. पुन्हा सगळे हसले. मी नाही हसलो.

शुक्रवार, १५ मार्च
डबी नाल्यात टाकायची ठरवली. नाल्यापर्यंत गेलो. परत आलो. सोमवारी मोठे साहेब येणार, त्यांच्यासमोर वीज सोडायची आहे. काही अडलं तर? सोमवारनंतर नक्की टाकतो.

सोमवार, १८ मार्च
मोठे साहेब दारात उभे. घड्याळ बघताहेत. दांड्यावर एकच कुलूप राहिलं— सात. हाका मारून झाल्या. साहेब म्हणाले, "तुमचे जावईबापू पसरले असतील घरी!" मी तेवढ्यावर विसंबलो नाही. स्वतः बाहेर जाऊन पाहिलं. त्याची स्कूटर जागेवर नव्हती. म्हणजे गेला. दोनदा असंच झालंय. साहेबांनी हात पुढे केला, मी चावी दिली.

खोलीत येऊन लिहितोय. दिवे लागले! एकदा मिचमिचले, मग लागले. बाहेर ओरडतंय कुणीतरी. आनंदानं असेल. बघून येतो.

सोमवार, २५ मार्च
जावयाचे कपडे मिळाले. खिशात सात नंबरची चावी.

साहेबांनी माझ्या लेकीला एवढंच सांगितलंय— स्कूटर नव्हती, म्हणून तो घरी गेला असं वाटलं. ती भिंतीला टेकून बसलीय. "बाबा, स्कूटर मी नेली होती. पंक्चर काढायला. मी नेली नसती तर..."

तिच्या डोक्यावरून हात फिरवला. डबी खिशातच आहे.