हाताची ट्यूब

१४ एप्रिल
ट्यूब संपली. नवी आणेपर्यंत तोंड पेटलं. लालेलाल, पंख्याचा वारासुद्धा झोंबतो.
साड्यांना खडे चिकटवताना गोंदाने हाताला इसब उठलं, त्यासाठी मिळालेली ट्यूब. हात बरा झाला, वर उजळला. म्हटलं, हाताला जमतं ते तोंडाला का नाही? लग्न ठरल्यापासून रोज लावली. गोरी झालेच की! आमच्या भेस्तान वस्तीतल्या बाया विचारायच्या, काय लावतेस? मी म्हणायचे, दूध.

१७ एप्रिल
स्किनचे डॉक्टर चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. ‘औषध वाईट नाही. पण ते हाताला, थोडे दिवस. तोंडाची कातडी पातळ.’ आता सोडल्यावर आधी वाढणार, मग हळूहळू उतरणार. महिने लागतील. तोंडाला हळदसुद्धा नाही.
आई: ‘लगीन शे हिनं, साहेब.’


२१ एप्रिल
महेशचा व्हिडिओ कॉल. होणारा नवरा, पलसाण्याला डाइंग मिलमध्ये. कॅमेरा बंद ठेवला, म्हटलं नेट नाही.
‘सुरतमध्ये नेट नाही?’
हसला. मला रडू आलं.

२४ एप्रिल
आईने नवी ट्यूब पुढे केली. ‘एक डाव लायी ले. लगीन व्हई जाऊ दे, मंग फेकी दे.’
ओरडले तिच्यावर. मग दिवसभर एकच हिशोब, लावली तर हळदीपर्यंत उतरेल का. माझाच राग येतो.

२७ एप्रिल
कॅमेरा चालू केला. म. बघतच राहिला.
‘दुखतं का?’
एवढंच आधी विचारलं. सगळं सांगितलं. म्हणाला, हळद हातापायांना लावायला सांगतो आईला. आता चैन पडेल असं वाटलं होतं. कुठलं काय.

४ मे
उद्या सकाळी त्यांच्याकडची उष्टी हळद येणार. नवऱ्याच्या अंगची, नको कशी म्हणायची? म.ला तीनदा विचारलं, सांगितलं का आईला? ‘सांगतो ना.’ अजून सांगतोच आहे.
मावशी आल्याबरोबर: ‘तोंडले काय व्हयनं वं?’ आई म्हणाली, ऊन.
बॅग भरताना बांगड्यांखाली ट्यूब सापडली. आईकडे बघितलं.
‘हातले लागी,’ ती म्हणाली.
हाताला चालते, डॉक्टरच म्हणालेत. माझा हात तर कधीच बरा झालाय.
‘हो, हाताला,’ मी म्हटलं आणि चेन लावली.