वर कुणी राहत नाही अशी खोली

मंगळवार, १२ मार्च

प्रिय दादा,

सत श्री अकाल. आम्ही सगळे मजेत आहोत. वहिनीने पाठवलेली शाल मिळाली. तिला सांग, रंग झक्कास आहे.

गुरुद्वाऱ्याचं छप्पर झालं एकदाचं! गवंडी भला माणूस, जुनी एकही तुळई वाया घालवली नाही. आता आत बादल्या लावाव्या लागत नाहीत.

तू फोनवर विचारत होतास, "ग्रंथसाहिब कधी पाठवतेस?" आणि मी दरवेळी हवापाण्यावर घसरत होते. आता सांगूनच टाकते. मी पाठवणार नाही.

चिडू नकोस, पुढे वाच. छपराच्या कामापुरतं ग्रंथसाहिबांना हलवायला हवं होतं, हे खरं. तू तिथल्या मोठ्या गुरुद्वाऱ्याचा अध्यक्ष. तुझं म्हणणं, "तिथे चारच घरं उरलीत, इकडे आण, नीट सांभाळू." सांभाळाल, शंकाच नाही. पण तिथे गेलेले ग्रंथसाहिब परत आले असते का रे? आणि ते नसले की आपला गुरुद्वारा म्हणजे नुसती कुलूप लावलेली खोली.

इथेच ठेवायचं तर अडचण एकच होती. ग्रंथसाहिबांच्या वर कुणाचे पाय पडता कामा नयेत. जिच्यावर कुणी चालत-फिरत नाही अशी खोली हवी, आणि आपली चारही घरं मधल्या मजल्यांवर. आमच्या इमारतीत सगळ्यात वर राहतात टायपिंगवाले मास्तर. ना आपल्या धर्माचे, त्यात दिवसभर तोंडात सिगारेट. तरी हिय्या करून विचारलं.

"माझी पुढची खोली घ्या की," लगेच म्हणाले. "फक्त... सिगारेट?"

"घरात नाही चालणार."

"गॅलरीत?"

"गॅलरीतही नाही."

मान खाजवत म्हणाले, "बरं. डॉक्टर तरी कधीचा बोंबलतोय!"

दादा, तेव्हापासून त्यांनी काडी पेटवलेली नाही. सुरुवातीला लवंगा चघळत घरभर येरझाऱ्या घालायचे, बोलायला गेलं की वसकन अंगावर यायचे. पण रोज सकाळी मी वाचायला जाते, तेव्हा आंघोळ करून, डोक्याला रुमाल बांधून दाराशी बसलेले असतात. उशीर झाला तर मलाच दटावतात. काल हळूच म्हणाले, "रविवारनंतर सकाळी मी काय करायचं?" मला रडूच आलं. म्हटलं, "गुरुद्वाऱ्यात या ना. दार उघडंच असतं."

त्यांचे उपकार कसे फेडू? आणि तुझेही. कान पिळून का होईना, लहानपणी तू मला गुरुमुखी शिकवलीस. नाहीतर आज इथे वाचणारं कोण होतं?

रविवारी सकाळी ग्रंथसाहिबांना परत न्यायचं. डोक्यावर घेऊन, अनवाणी, सगळे जिने उतरून. पुढे पाणी शिंपडायचं मास्तरांनी आधीच ठरवून टाकलंय, आणि अख्खी इमारत मागून येते म्हणतेय. बाबांनंतर डोक्यावर घ्यायचा मान तुझा. अध्यक्ष म्हणून नको, माझा भाऊ म्हणून ये. नाही आलास तर मी घेईन, हळूहळू उतरेन. पण ग्रंथसाहिब आपल्या घरी जातील.

तुझी वाट बघणारी, पण तुझ्यासाठी न थांबणारी,
तुझीच धाकटी