आईच्या रविवारचा ठराव

३ जून
"आपल्या सरकारनं तिकडं हो म्हटलं, मग इकडं सही का नाय केली?" आईचा प्रश्न.
विषय घरकामगारांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. जिनिव्हाला कामगारांची जी जागतिक संघटना आहे, तिथे तो मंजूर होऊन बरीच वर्षं झाली. भारताने बाजूने मत दिलं. पण करार लागू होतो तो देशाने मागाहून वेगळी मान्यता दिली तरच. ती अजून दिलेली नाही.
रविवारी विहारात बायकांना हेच सांगायचं आहे. घरकामगारांच्या संस्थेत नोकरीला लागल्यापासून माझं पहिलंच भाषण. घरी माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. सरावाला श्रोता एकच. आई. चार घरची धुणीभांडी करते, रविवारीसुद्धा. तिने पहिल्याच मिनिटाला अडवलं.

५ जून
वाचन. जि. (म्हणजे जिनिव्हाची ती संघटना, दरवेळी पूर्ण कोण लिहिणार) पहिलं महायुद्ध संपल्या संपल्या सुरू झाली. पहिला करार कारखान्यातल्या आठ तासांचा. पुढे बोटी, बंदरं, खाणी. स्वयंपाकघरापर्यंत यायला नव्वदच्या वर वर्षं लागली. त्या चर्चेला मात्र घरकाम करणाऱ्या बायका स्वतः गेल्या होत्या.
आवडलं ते हे: प्रत्येक देशाची चार मतं. दोन सरकारची, एक मालकांचं, एक कामगारांचं. कामगारांचा माणूस आपल्याच सरकारविरुद्ध हात वर करू शकतो. बसमध्ये वाचत होते, माझा सातपूरचा स्टॉप मागे गेला.

८ जून, रवि.
बायका दुपारी आल्या, सकाळची कामं उरकून. भाषण बरं झालं. कमलमावशी, आईची मैत्रीण, गंगापूर रोडला आई जाते त्याच सोसायटीत कामाला. तिचा प्रश्न: "एवढी माणसं जमतात, तर तिथले कप कोण धुतं गं?" सगळ्या हसल्या, मीही.
मग तीच म्हणाली, "घ्या की आपल्या सोसायटीत अशी सभा. चार खुर्च्या मांडा. रविवारची सुट्टी मागू."
मला तर हेच हवं होतं.

१० जून
सोसायटीच्या अध्यक्षांना भेटले. निवृत्त अधिकारी, उत्साही. "म्हणजे सरकार मी! वा!" सरकारच्या दोन खुर्च्यांवर ते आणि सेक्रेटरी. मालकांच्या खुर्चीवर शीलाकाकू. आई त्यांच्याकडे मी तिसरीत असल्यापासून जाते. माझं इंग्रजी काकूंनीच सुधारलं. कामगारांच्या खुर्चीवर आई.
आई ऐकेना. "काकूंसमोर खुर्चीवर? मी त्यांच्या घरात कधी पाटावर नाय बसले."
"तिथे घर नाही आई, क्लबहाऊस आहे."
"पुसते कोण ते?"

१४ जून, शनि.
सभा झाली. आई खुर्चीच्या टोकावर, पदर घट्ट धरून. एकच वाक्य बोलली: "रविवारी पोरीबरोबर जेवायचं हाय." काकूंचे डोळे पाणावले. मत घेतलं. चारच्या चार बाजूने! टाळ्या, फोटो, सामोसे.
मागून कमलमावशी कानात: "सरकारच्या घरची भांडी पण तुझी आईच घासते ना? आन् सेक्रेटरीच्या घरची मी. मग सरकार कुठलं? तीन मालक न् एक आपण."
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चार खुर्च्यांचा हिशेब जि. वरून जसाच्या तसा उचलला आणि...
पण ठराव तर मंजूर झाला. तीन मालकांनी हो म्हटलं, हे जास्तच चांगलं नाही का?
निघताना सेक्रेटरी म्हणाले, "ठराव मार्गदर्शक आहे हं. ज्याने त्याने आपापल्या घरी ठरवायचं."

१५ जून, रवि.
आई सहाला कामावर गेली. नेहमीसारखी.

१७ जून
आईने चारही घरी विचारलं. अध्यक्षांच्या बाई: "ठराव ह्यांनी केलाय. स्वयंपाकघर माझं आहे." दोन घरी "बघू". काकू म्हणाल्या, "घे की सुट्टी, मी मतच दिलंय. फक्त बदली पाठव."
बदली म्हणजे आपल्या जागी दुसरी बाई. आई आजारी असली की शाळेपासून ती बदली मीच. काकूंना तेच अपेक्षित असणार.
म्हणजे सुट्टी एकीची, काम घरातल्याच दुसरीकडे.

१९ जून
पुन्हा वाचन, या वेळी चिडून. जि. कोणाला तुरुंगात टाकू शकत नाही. मान्यता देणाऱ्या देशांकडून अहवाल मागवते, तज्ज्ञ ते तपासतात, चूक नाव घेऊन सांगतात. न देणाऱ्यांनाही अधूनमधून विचारते, तुमच्याकडे काय स्थिती, अडचण काय. कंटाळवाणं काम. पण त्यातूनच काही देश हलले.
आणि हे: दोन देशांनी मान्यता दिली तरी त्यांच्यापुरता करार अमलात येतो. सगळ्यांची वाट बघत नाहीत.
आईला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "दोन? मग मी न् कमल."
"घरं सुटली तर?"
"सुटली तर सुटली म्हणायला मी काय तुझ्यासारखी पगारी हाय का?" मग भाकरी उलटून, "कमलला फोन लाव."

२१ जून, शनि.
दोघींनी आपापल्या कामाच्या घरी सांगितलं. उद्या येणार नाही. अध्यक्षांच्या बाईंनी दार लावून घेतलं. काकू तेवढ्या बाहेर होत्या. आई म्हणाली, "त्यांना तू सांग. माझ्या तोंडून निघायचं नाय."
संध्याकाळी जाते.

२२ जून, रवि.
आई सहालाच उठली. चहा झाला, अंगण झाडलं, मग परत झाडलं. "आता काय करू?" म्हणाली. कमलमावशी दहाला आली. दोघी ओट्यावर बसून वाटाणे सोलतायत आणि सोसायटीतल्या सगळ्यांच्या नकला करतायत.
सोमवारी किती दारं उघडतील, माहीत नाही. काकूंचं उघडेल का, हे तर अजिबातच नाही. काल त्या दारात हसून म्हणाल्या होत्या, "अगं हो, घेऊ दे तिला सुट्टी. तू ये नऊपर्यंत."
मी म्हटलं, "काकू, मीही येणार नाही. बदली कोणीच नाही." मी नमस्कार केला आणि जिना उतरले.
आईला हे अजून सांगितलेलं नाही. नऊ कधीच वाजून गेलेत. मी घरीच आहे.