शर्यत बैलांची असती

रविवार, संध्याकाळ. सुरत.

परत तेच! आबा म्हणणार, “शर्यत बैलांची असती. पोरीनं खडीच्या रस्त्यानं, दारूच्या मळ्यातनं सायकल कशाला पळवायची?” आबा, ती वाईनची द्राक्षं हायत, किती येळा सांगू?

तरी माझी धाकटी बहीण सुनी आज सायकल शर्यतीत कार्ले गावापासनं बियरच्या कारखान्यापर्यंत पळालीच. सातवी आली! आई फोनवर हसत सांगत होती, शेवटच्या चढाला आबाच पुढं झाले आणि बैलगाडा शर्यतीच्या घाटात ओरडतात तसं ओरडले, “झाली, झाली, झाली! भिर्रर्र!” वर भंडारा उधळला. सायकलीवर भंडारा!

मग फोन घेऊन मलाच म्हणाले, “टायर पार गुळगुळीत झालंय रं. बैलाला नाल ठोकतो, पोरीला तसंच पळवायचं व्हय?”

आता ह्यांना काय म्हणावं? नव्या टायरांसाठी उद्या तीन हजार पाठवतोय.