देवीचे केस उंचीत धरले

मनुरेवा, ऑकलंड
कोजागरीनंतरचा रविवार, २००६

तीर्थरूप वन्सं यांच्या चरणी विमलचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पार्सल मिळालं. आलं ते असं: मेतकूट एक पुडा, गोडा मसाला एक पुडा, यमाईचा अंगारा, यमाईची नवी तसबीर आणि अक्षतच्या जावळासाठी जरीची टोपी. निघालं पण पोचलं नाही ते असं: मेथीदाणे आणि काळे तीळ. पेरलं तर उगवेल असं काही ही मंडळी देशात येऊ देत नाहीत. तपासणीवाल्यांनी ते काढून घेतलं आणि तसा छापील कागद आत ठेवला (खाली आभारही मानले आहेत, त्यामुळे रागावता येत नाही). पार्सलवर पोस्टाचे अकराशे चाळीस रुपये लिहिले आहेत आणि आतला माल धरून-सवरून साडेचारशेचा. असं पुन्हा करू नका. मेतकूट इथे सँडरिंगहॅमच्या वाण्याकडे मिळतं. त्याला तुमच्या हाताची चव नाही आणि जायला-यायला पेट्रोल लागतं, पण मिळतं. टोपी फार सुरेख. आत्ता ती बुचड्यावर बसत नाही, जावळ झाल्यावर बसेल अशाच बेताने तुम्ही शिवून घेतली आहे, हे लगेच ध्यानात आलं.

तुमचा गुडघा कसा आहे? चंद्रशेखर फोनवर "आई मजेत आहे" एवढंच सांगतो. मुलगे आपल्या आयांविषयी दुसरं काही सांगत नाहीत, श्रीनाथही माझ्याविषयी असंच सांगत असेल. आम्ही इकडे खुशाल. श्रीनाथचं ऑफिस ठीक, सुरुचीचं ठीक, इरा दुसरीत गेली. आता हकीकत. तुम्हाला मागचं सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून क्रमाने लिहिते, म्हणजे औंधच्या उपाध्यांना वाचून दाखवायची वेळ आली तर अडायला नको.

अक्षत दिवस भरायच्या आत जन्मला आणि महिनाभर काचेच्या पेटीत होता, तेव्हा मी यमाईला बोलले, की पोर वाचू दे, याचं जावळ तुझ्या पुढ्यात काढीन, पाच वर्षं पुरी व्हायच्या आत. पहिल्या वर्षी तिकिटं परवडली नाहीत. तिसऱ्या वर्षी तुमचे भाऊ गेले आणि त्या वर्षात शुभकार्य नको म्हणून राहिलं (दुसरं आणि चौथं वर्ष तर चालतच नाही). येत्या जानेवारीत त्याला पाच पुरी होतील आणि इथल्या रिवाजाप्रमाणे वाढदिवस झाला की लगेच शाळा. म्हणून श्रीनाथने या डिसेंबरात आम्हा पाचही जणांना औंधला न्यायचं कबूल केलं. मामाने मांडीवर घ्यायचं, आणि श्रीनाथला सख्खी बहीण नाही म्हणून केस पदरात झेलायचा मान तुमचा, हे आपलं ठरलेलंच आहे. मला स्वतःला यायची काही हौस नाही. एवढ्याला एवढी पाच तिकिटं काढायची म्हणजे माझ्या जिवावर येतं. पण देवीचं देणं ते देणं.

तोवर कात्री लावायची नाही. त्यामुळे अक्षतचे केस खांद्याखाली आले आहेत आणि डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून रोज सकाळी तेल लावून मी ते बरोबर टाळूवर बुचडा करून बांधते. लोकांना तो मुलगी वाटतो. कोपऱ्यावरच्या दुकानात (त्याला इथे डेअरी म्हणतात, पण दुधापेक्षा गोळ्याच जास्त विकतात) म्हातारा मालक त्याला मुलींसाठीची गुलाबी गोळी काढून देतो. अक्षत मुकाट्याने घेतो. आपण मुलगा आहोत हे सांगितलं तर गोळी परत मागतील, असं त्याचं मत आहे.

तर नवरात्राच्या सुमारास मुलांना शाळेची सुट्टी लागली आणि इराने बाबाच्या मागे लकडा लावला, की पाळण्यांच्या बागेत ने. पाळणे म्हणजे आपल्या जत्रेतले नव्हेत. घरापासून मोटारीने जवळच तारेच्या कुंपणात मोठी बाग आहे, तिथे आगगाडीसारखे डबे माणसांना उलटंपालटं करून पुन्हा होते तिथे आणून सोडतात. सुरुचीने कॉम्प्युटरवरून चार पानं छापून काढली, लहान मुलांना अशा ठिकाणी नेताना काय काय करावं याची. दार उघडायच्या वेळीच पोचावं. आधी लांबचे खेळ करावेत, कारण सगळे जवळच्यापासून सुरुवात करतात. टोप्या, उन्हाचं मलम, पाण्याच्या खेळासाठी पोहायचे कपडे (इथे टॉग्ज) आणि सपाता (इथे जँडल्स). मुलाच्या मनगटावर पेनाने बापाचा फोन नंबर लिहावा. आणि मोठ्या खेळांना उंचीची अट असते, तेव्हा मुलांना घरीच मापून न्यावं, म्हणजे ऐन वेळी रडारड होत नाही. सुरुचीची तयारी मी नावाजली. लग्नकार्याची यादीसुद्धा हल्ली कोणी इतकी नीट करत नाही.

माझ्याकडे दोन कामं आली. एक दिवस ठरवायचं. घरात घट बसलेले, नंदादीप तेवत असताना घर बंद करून जाता येईना. दसऱ्यानंतर लगेच एकादशी, तेव्हा द्वादशीचा बुधवार मी सांगितला. सुरुचीच्या पानांतही निघालं, की आठवड्याच्या मधल्या वारी गर्दी कमी. पंचांगाचं आणि इंटरनेटचं एकमत झालेलं आपण पहिल्यांदाच पाहिलं, असं श्रीनाथ म्हणाला. दुसरं काम मापायचं, कारण टेप माझी. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला अक्षतला अनवाणी उभं केलं, टाचा टेकवल्या, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि पेन्सिलीने रेघ मारली. मोठ्या आगगाडीला एकशेदहा सेंटीमीटर लागतात, त्याचे नेमके तेवढे भरले. पुन्हा मापलं, तेवढेच. त्या दिवसापासून पोराने दुसरं काही बोलणं सोडलं. रात्री झोपेतसुद्धा हात वर करून होता.

आता तिकिटाचा प्रकार ऐका. उंची कमी असेल तर लहान खेळांचं स्वस्त तिकीट, भरत असेल तर सगळ्या खेळांचं महाग. माझ्या मापाच्या भरवशावर श्रीनाथने अक्षतचं महाग घेतलं. माझ्यासाठी तिसराच प्रकार होता, नुसतं आत येऊन बघायचं. बघायचेही पैसे घेतात हे मला पटलं नाही. कळसाचं दर्शन आपण रस्त्यावरून घेतो, त्याला कोणी पावती फाडत नाही. पण बाहेर एकटीने उभं राहण्यापेक्षा आत गेले. बरोबर थालीपिठं, उकडलेले बटाटे, केळी आणि चहाचा थर्मास होता, त्यामुळे आत एका पैशाचं खाल्लं नाही.

सुरुचीच्या यादीप्रमाणे आधी लांबचा खेळ, म्हणजे ती आगगाडीच. तोंडाशी एक पट्टी रंगवलेली आणि तिच्याशेजारी टेरे नावाचा धिप्पाड तरुण (नाव छातीवर लिहिलं होतं). त्याच्याही डोक्यावर बुचडा. अक्षत पट्टीखाली ताठ जाऊन उभा राहिला. टेरेने फुगलेली पोळी दाबावी तसा हलक्या हाताने त्याचा बुचडा दाबला. पट्टी डोक्यापासून तीन बोटं वर राहिली. टेरे म्हणाला, "सॉरी, लिटल ब्रो, पुढच्या वर्षी."

श्रीनाथने तिकिटाकडे पाहिलं, सुरुचीने माझ्याकडे पाहिलं आणि मी बुचड्याकडे पाहिलं. तेव्हा उजेड पडला. वन्सं, ते केस अक्षतचे नव्हतेच. पाच वर्षांपूर्वीच मी ते यमाईला बोलले होते. दुसऱ्याची ठेव आपल्या जमेत धरून मी पोराला तीन बोटं वाढवून दिली, आणि ती जिची होती तिने ती भर बागेत दाबून घेतली.

अक्षत रडला नाही, ते मला जास्त लागलं. त्याने टेरेला विचारलं, की मग तुझा बुचडा का. टेरे चक्क गुडघ्यावर बसून सांगू लागला. तो कुक बेटांकडचा. लहानपणी त्याचेही केस कमरेपर्यंत होते. त्यांच्यात मुलाचे केस राखतात आणि मग एक दिवस हॉल घेऊन सगळे नातेवाईक बोलावतात, केसांच्या बटा करून प्रत्येक बटेला रिबीन बांधतात आणि एकेक जण एकेक बट कापतो. त्याच्या वेळी आत्या विमानाने आल्या होत्या. हे ऐकून मी सुरुचीला मध्ये घालून विचारलं, की आत्या आलीच पाहिजे का. तो म्हणाला, "आंट्यांशिवाय कसं करणार? त्या जन्मभर बोलतील." मला माणूस फार आवडला. त्याला थालीपीठ दिलं. खाऊन "स्वीट ॲज" म्हणाला. ते इथे झकास या अर्थाने म्हणतात, थालीपीठ तिखटच होतं.

पुढचा दिवस सुरळीत गेला. अक्षत लहान खेळांत बसला, महाग तिकिटावर. इरा बाबाला घेऊन मोठ्या आगगाडीत गेली आणि हसत उतरली. श्रीनाथ उतरल्यावर बराच वेळ बाकावर बसून होता, त्याने चहा मागितला. येताना मोटारीत अक्षतने मला विचारलं, की यमाईला केस दिले की ती काय देते. मी आपलं नेहमीचं सांगितलं: आयुष्य देते, बुद्धी देते, उंच करते. उंच म्हणायला नको होतं, हे मागाहून कळलं.

संध्याकाळी मी देवाशी दिवा लावत होते, तर दोघं भावंडं मागे येऊन उभी. अक्षतच्या कपाळावरची पुढची बट मुळापासून गेलेली. बालवाडीच्या बोथट कात्रीने त्याने ती स्वतः कापली आणि इराने पोहण्याच्या टॉवेलमध्ये झेलली (पुढेमागे त्याच्या मुलांची आत्या तीच, तेव्हा पद्धतीला धरून झालं). टॉवेल तुम्ही पाठवलेल्या तसबिरीपुढे ठेवून अक्षत म्हणाला, "आय गेव्ह यमाई हर हेअर. नाउ मेझर मी, आजी."

मापावं लागलं. बुचडा सोडला, केस चापून बसवले आणि मापलं. होता तिथेच, रेघेच्या तीन बोटं खाली. त्याने एकदा तसबिरीकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "शी जस्ट टुक इट."

आपल्या घरात देवीविषयी असं कोणी बोललं नव्हतं. मी रागावले नाही, कारण व्यवहार पाहिला तर त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी म्हटलं, देवी दुकानदारासारखं समोरासमोर देत नाही, औंधहून उत्तर यायला दिवस लागतात. तेव्हापासून सपाता घालून तो रोज फाटकाशी जातो आणि पत्रपेटीत हात घालून बघतो. परवा विजेचं बिल आलं, ते घेऊन आला आणि यमाईचं आहे का म्हणून विचारलं.

कापलेली बट मी कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवली आहे. ती पोस्टाने पाठवणार नाही. एक तर तुमच्याकडचे तपासणीवाले काय म्हणतील सांगवत नाही, आणि दुसरं म्हणजे केस आधी पोचले तर माणसांनी कशाला यायचं, असं कोणालाही वाटेल. बाकी सर्व क्षेम. काळजीचं कारण नाही. गुडघ्याला निर्गुडीचं तेल लावत जा, चंद्रशेखरला व सूनबाईंना आशीर्वाद.

तुमची,
विमल

ता. क. काळजीचं कारण नाही असं वर लिहिलं, ते श्रीनाथ शेजारी बसून होता म्हणून. काल जेवताना तो म्हणाला, की अक्षतने स्वतःच्या हाताने यमाईच्या तसबिरीपुढे केस दिले, नवस फिटला, आता डिसेंबरात जायचं कारण उरलं नाही. त्यापेक्षा चार दिवस इथल्याच रोटोरुआला गरम पाण्याचे झरे बघायला जाऊ, आणि उरलेले केस शाळेआधी इथल्या न्हाव्याकडे. प्रेमानेच म्हणाला. मी त्याला भात वाढला. सुरुची काही बोलली नाही, पण तिची आई पुण्याला आहे, तेव्हा ती माझ्या बाजूने गप्प बसली असं मी धरते.

दुसरा ता. क. मला यायची हौस नाही असंही वर लिहिलं आहे. ते खोडत नाही, खाडाखोड चांगली दिसत नाही. पण तुमच्यासाठी लोकरीचा स्वेटर जूनमध्ये सेलला घेऊन ठेवला आहे आणि तो पोस्टाने पाठवायचा तर पोस्ट स्वेटरच्या वर जातं. तुमचे भाऊ गेल्यापासून त्यांच्या लहानपणाचं बोलायला इथे कोणी नाही. फोनवर तुमचा आवाज ठणठणीत असतो, पण गुडघा फोनवर दिसत नाही. तेव्हा एवढं करा. खोटं काही लिहू नका. उपाध्यांना फक्त असं विचारा: "एक बट घरी गेली, उरलेल्या केसांचा मान देवीचाच ना?" असं विचारलं की ते हो म्हणतील. नवस फिटला का, असं विचारू नका, त्याचंही उत्तर ते हो देतील. मग ते श्रीनाथच्या नावाने पत्रात लिहा, आत्याच्या अक्षरात, आणि टेरेच्या आत्यांचं खाली जोडा. चंद्रशेखरला ईमेल करायला लावू नका. ईमेल श्रीनाथ पुसून टाकतो, तुमचं पत्र पुसता येत नाही.

तिसरा ता. क. सोबत पांढरा दोरा आहे. तो अक्षतच्या उंचीचा आहे, टाळूपासून टाचेपर्यंत, केस सोडून. दोनदा मापला आहे. तो यमाईच्या पायाशी ठेवून आणा आणि तुमच्याकडेच ठेवा, परत पाठवू नका. आम्ही आलो की तुमच्या दाराच्या चौकटीला पोराला उभं करून त्याच दोऱ्याने मापू. दोन महिन्यांत बोटभर तरी वाढेल, आणि ते देवीने दिलं हे त्याला तिथेच दाखवता येईल. पोर रोज पत्रपेटीशी उभं असतं. उलट टपाली कळवा.