डाव्या हातानं काढलेलं चित्र

प्रिय क्लेर मॅडम,

काल तुमच्या बहिणीचा मुलगा फ्रान्सहून पाचगणीला आला. तुमची सगळी चित्रं बांधून झाल्यावर त्यानं त्याचं बोलणं मराठीत सांगणाऱ्या ड्रायव्हरकरवी मला विचारलं, "मावशी शेवटी काय म्हणाली?" मी चहा टाकायला आत गेले, त्याला काही सांगितलं नाही. म्हणून हे तुम्हालाच लिहितेय.

बारा वर्षं मी तुमच्याकडं स्वयंपाक केला, पण तुम्ही केवढ्या मोठ्या चित्रकार होतात ते मला उशिरा कळलं. तरुणपणी तुम्ही तिकडं रेल्वेची, सर्कशीची पोस्टरं काढायचात. गावोगावच्या भिंतींवर लागायची म्हणे ती. इथं येऊन मात्र नुसते डोंगर रंगवत बसलात. मी म्हणायची, "आवं मॅडम, ह्यो डोंगर रोजच हाय की दारात. माणसं काढा जरा." तुम्ही हसायचात आणि रंगाचा हात माझ्याच पदराला पुसायचात. लय राग यायचा मला.

"गाडी पळते, माणूस बघतो, त्याला कळलं पाहिजे. वाचायला नको. ते पोस्टर, सुमन," असं तुम्ही सांगायचात.

मग पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, आणि तुमची मराठीही गेली. उरली फ्रेंच. तुम्ही काहीतरी सांगत होतात. मी पाणी आणलं, उशी बदलली, खिडकी उघडली. तुमची मान नाहीच म्हणायची. इतक्या वर्षांत मी तुमची भाषा का नाही शिकले? तुम्ही माझी शिकलात ना?

शेवटी तुम्ही डाव्या हातात पेन्सिल धरलीत. एक आडवी रेघ, तिच्यावर गोल, खाली दोन उभ्या रेघा. मला काही कळेना. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनाही नाही. तुम्ही तेच पुन्हा काढलंत, मोठं करून. घामानं भिजल्या होतात. मला बघवेना. मी म्हटलं, "कळलं मॅडम, कळलं. करते मी."

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत, माझा हात दाबलात आणि डोळे मिटलेत. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

मी खोटं बोलले हो. गप्प बसले असते, तर तुम्ही तिसऱ्यांदा काढलं असतं. कदाचित कळलंही असतं. का मी एवढी घाई केली?

काल तो कागद भाच्याला दाखवला. त्यानं उलटासुलटा करून बघितला आणि मला परत दिला.

कागद माझ्याकडंच आहे. भेटेल त्याला दाखवीन. ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी तुमचं काम करीन, हा माझा शब्द. फक्त ते मला जमण्यासारखं असू दे, मॅडम. करते म्हणून बसलेय.

तुमची,
सुमन