तिकडे माणसं आहेत, मतदार नाहीत

प्रिय दादा,

सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. चहा केला, तो तसाच गार झाला. मतदान संपलं, तुझी धावपळ थांबली, तरी माझ्या जिवाला काही स्वस्थता नाही. वहिनीच्या हाती ही चिठ्ठी देतेय. एकटा असताना वाच.

आपल्या जुन्या कॉलनीचं तुला किती कौतुक! सगळे घरमालक, निम्मे पेन्शनर, सकाळचं फिरून आले की त्याच बुटांनी मतदानाला हजर. बाबा गेल्यावर तू कॉलनीवाल्यांच्याच अडीअडचणींना धावलास, त्यांनी तुला पोरासारखं नगरसेवक म्हणून निवडून दिलं, एकदा नव्हे, चारदा. हायवेपलीकडच्या नव्या इमारतींचा विषय निघाला की तू हसायचास. सगळी तरुण पोरं, भाडेकरू, आज इथे उद्या तिथे, नावं अजून आपापल्या गावच्या यादीत. "बारके, तिकडे माणसं आहेत, मतदार नाहीत." मीही हसले होते तेव्हा.

मग तिकडचा दवाखाना तू उचलून कॉलनीच्या बागेशेजारी आणलास. मी नर्स म्हणून त्याच्याबरोबर आले. घराजवळ नोकरी, मला तर बरंच झालं. आमच्याकडे आता गुडघेदुखी आणि रक्तदाब. पोटुश्या बायका मात्र हायवे ओलांडून येतात. शिवणाच्या कारखान्यातली एक मुलगी पावसात निघाली आणि रस्त्याच्या दुभाजकावरच बाळंत झाली. मी हातमोजे न घालताच धावले. बाळ वाचलं, तीही वाचली. पण दोन्हीकडून ट्रक जात होते आणि मी माझ्या ओढणीचा आडोसा धरला होता, ते काही डोळ्यांपुढून हलत नाही. तुला सांगितलं, तर तू म्हणालास, "वाईट झालं गं. पण दवाखाना परत नेला तर कॉलनी मला फाडून खाईल." खोटं नव्हतं ते. म्हणून तर जास्त लागलं.

पुढे तीच मुलगी बाळाला लस द्यायला आली. तिने विचारलं, "ताई, आम्ही मत दिलं तर दवाखाना परत येईल?" मी म्हटलं, "येईल की नाही ते माहीत नाही. पण निदान कुणीतरी विचारायला तरी येईल."

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी तिकडे जायला लागले. तुला वाटलं, मैत्रिणीकडे जाते. जिन्यांमध्ये बसून मी त्यांची नावं इथल्या यादीत घालून दिली. घरमालक भाड्याचा कागद देईनात, त्यांच्याशी भांडले. कारखान्याचा मॅनेजर मतदानाला सुट्टी देईना, तर सगळ्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी मशिनी बंद ठेवल्या. शेवटी पाळीपाळीने सोडतो म्हणाला. मत कुणाला द्या, हे मी एकदाही बोलले नाही. ते बोलायची गरजच नव्हती, हे मला पुरतं ठाऊक होतं.

काल शाळेपुढे रांग फाटकाबाहेर गेली, तेव्हा तू गाडीची काच खाली करून मला हाक मारलीस. "बघितलंस? एवढी गर्दी म्हणजे हवा आपलीच!" किती खुशीत होतास. त्या रांगेत कडेवर पोरं घेतलेल्या बायका होत्या, रात्रपाळीचे डोळे चोळणारे होते. तू त्यांना हात केलास. त्यांनीही केला.

उद्या मोजणी. दरवेळेसारखं तू मला शेजारी बसायला बोलावलं आहेस. निकाल लागेपर्यंत माझा हात धरून बसतोस, जिंकलास की आधी मला आईला फोन लावायला सांगतोस. उद्या आकडे सांगतील, पलीकडच्यांनी काय केलं ते. पण आपल्या कॉलनीच्या मतदान यंत्रातही तुझ्याविरुद्ध एक मत आहे दादा, आणि ते माझं आहे. हे कुणालाच कधी कळलं नसतं. पण तू हात धरून बसला असताना ते मनात दाबून तुझ्याजवळ बसणं मला जमणार नाही. जिंकलास तरी नाही, हरलास तर मुळीच नाही. हे वाचूनही तुला मी शेजारी हवी असेन, तर सकाळी नुसता फोन वाजव. मी तयार होऊन बसलेली असेन.

तू कितीही रागावलास तरी तुझीच,
बारकी